टीकाकाराचे गोत्र
बायबलवरील भाष्ये वाचताना : ‘घराणे’ या एका शब्दाच्या निमित्ताने

जालन्यात तीस वर्षे मी एका वकिलांकडे कारकुनी केली. दावे, फेरफार, वाटण्या, बांधाचे तंटे यांचे कागद लिहिण्यात उमेद गेली. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहिला की उलटतपासणीतला पहिला प्रश्न ठरलेला असे : वादी तुमचा कोण लागतो? साक्षीदार म्हणे, चुलत मेहुणा लागतो. नवख्या पक्षकाराला वाटे, संपली साक्ष. पण कायदा तसे म्हणत नाही. हितसंबंधी साक्षीदाराचे म्हणणे केवळ नात्यामुळे फेकून देता येत नाही. ते अधिक काळजीने तपासावे लागते, एवढेच. नाते विचारायचे ते साक्ष रद्द करण्यासाठी नव्हे, तिचे वजन ठरवण्यासाठी.

बायबलवरची भाष्ये कशी वाचावीत, हे मला कोणत्याही सेमिनरीत शिकायला मिळाले नाही. जे थोडे कळले ते या पिंजऱ्यापाशी उभे राहून कळले. ग्रीक लिपी मी चाळिशीनंतर एका जुन्या प्राथमिक पुस्तकावरून शिकलो. आजही शब्दकोश हाताशी नसेल तर माझे पान हलत नाही. तेव्हा या लेखाला पंडिताचे मत समजू नये. एका कारकुनाने दोन जाड ग्रंथांची केलेली उलटतपासणी, असे समजून तो वाचावा.

१. वाद कसा उभा राहिला

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या भाचीचा बाप्तिस्मा ती दोन महिन्यांची असताना आमच्या मंडळीत झाला होता. लग्नानंतर ती नवऱ्याबरोबर एका नव्या सहभागितेत जाऊ लागली. तिथे तिला सांगितले गेले, की लहानपणी कपाळाला पाणी लावले तो बाप्तिस्मा नव्हेच. जाणत्या वयात विश्वास धरून पाण्यात बुडून घेतलेला तोच खरा. शहागडजवळ गोदावरीत बाप्तिस्मा घ्यायचा दिवस ठरला. माझ्या बहिणीने ते ऐकले आणि एकच प्रश्न विचारला, “म्हणजे मी केलं ते खोटं होतं का?”

त्या प्रश्नाला कोणी उत्तर दिले नाही. उत्तराऐवजी पुस्तके आली. आमच्या मंडळीतल्या एका वडिलांनी मॅथ्यू हेन्रीचा एकत्रित खंड आणून टेबलावर ठेवला. भाचीच्या बाजूने जॉन गिलच्या भाष्याची पाने फोनवर आली. दोघांनीही एकाच अध्यायावर बोट ठेवले : प्रेषितांची कृत्ये, अध्याय १६. दोघांचे वाक्यही एकच, “भाष्यात स्पष्ट लिहिलंय.” भाची म्हणाली, “मामा, तुम्ही कोर्टाचे इंग्रजी कागद वाचता. तुम्हीच वाचून सांगा खरं काय ते.”

मी वाचले. आणि पहिल्याच रात्री ध्यानात आले, की स्पष्ट लिहिलेले आहे ते भाष्यात. मूळ वचनात नव्हे.

२. पुरावा काय आहे

आधी मूळ कागद पाहू. कृत्ये १६ मध्ये पौल आणि सीला फिलिप्पै नगरात येतात. जांभळी वस्त्रे विकणारी लुदिया नावाची बाई त्यांचे बोलणे ऐकते. तिचा आणि तिच्या घराण्याचा बाप्तिस्मा होतो. पुढे पौल व सीला तुरुंगात पडतात, रात्री भूकंप होतो, दारे उघडतात, आणि घाबरलेला तुरुंगाधिकारी त्यांच्या पायाशी येतो. त्याच रात्री त्याचा आणि त्याच्या घरच्या सर्वांचा बाप्तिस्मा होतो. नव्या करारात अशी आणखी घराणी आहेत : कर्नेल्याचे, क्रिस्पाचे, स्तेफनाचे. या घरांत तान्ही मुले होती की नव्हती, याबद्दल मजकूर एक अक्षर बोलत नाही.

आता टीकाकार. मॅथ्यू हेन्री (१६६२–१७१४) हा इंग्लंडमधील प्रेस्बिटेरियन पाळक. लुदियाच्या घराण्याविषयी तो सांगतो, की घरात जी तान्ही होती त्यांचा बाप्तिस्मा तिच्या हक्काने झाला, आणि जी मोठी होती त्यांचा तिच्या वजनामुळे व अधिकारामुळे. जॉन गिल (१६९७–१७७१) हा लंडनचा बॅप्टिस्ट पाळक. नव्या करारावरचे त्याचे भाष्य १७४६ ते १७४८ या काळात तीन खंडांत निघाले. तो म्हणतो, की ही तान्ही मुले असूच शकत नाहीत; कारण अध्यायाच्या शेवटी पौल लुदियाच्या घरी जातो तेव्हा तिथे ‘बंधूंना’ धीर देतो, आणि धीर तान्ह्यांना देत नाहीत.

हेन्रीची तान्ही कुठून आली? मजकुरातून नव्हे. १६४६ साली तयार झालेल्या वेस्टमिन्स्टरच्या विश्वासपत्राच्या अठ्ठाविसाव्या प्रकरणात आईबापांपैकी एक जरी विश्वासी असेल तरी मुलाला बाप्तिस्मा द्यावा, असे कलम आहे. हेन्री ज्या परंपरेत वाढला तिचा हा पाया. ‘घराणे’ म्हटले की त्याच्या डोळ्यांसमोर आपोआप पाळणा येतो. गिलचे ‘बंधू’ही तपासून पाहावेत. ते लुदियाच्या घरचेच होते, असे मजकूर म्हणत नाही. गावातले इतर विश्वासी तिच्या घरी जमले असतील, हेही तितकेच शक्य आहे. म्हणजे एकाने न दिसलेली मुले पाहिली, दुसऱ्याने न दिसलेली मुले नाहीत असे पाहिले. कोर्टात याला पुरावा म्हणत नाहीत. पंचनाम्यात जे नोंदलेलेच नाही, त्यावर दोन्ही वकील युक्तिवाद करत आहेत.

एक कबुली इथेच देतो. पहिल्या वाचनात मी पेन्सिल घेऊन बसलो होतो. गिलच्या पानांची छापील प्रत काढून घेतली होती. तिच्या समासात ‘ओढूनताणून’ असा शेरा सात ठिकाणी लिहिला. हेन्रीच्या समासात एकदाही नाही. कारण मी स्वतः हेन्रीच्या गोत्राचा. माझे आजोबा स्कॉटिश मिशनच्या मंडळीत वाढले. टीकाकाराची कल शोधायला निघालेल्या माणसाला आधी सापडली ती स्वतःचीच.

३. एका क्रियाविशेषणाची जागा

तुरुंगाधिकाऱ्याच्या गोष्टीत मामला आणखी बारीक आहे. चौतिसाव्या वचनात ग्रीक शब्दांचा क्रम असा : तो आनंदला, मग ‘पानोइकेइ’ म्हणजे सहकुटुंब, मग विश्वास ठेवून. ‘सहकुटुंब’ हे बरोबर मध्ये उभे आहे, दोन शेतांच्या बांधावरच्या बाभळीसारखे. ते ‘आनंदला’कडे ओढले, तर सारे घर आनंदले, विश्वास मात्र त्या एकट्याने ठेवला, घरातली लहान मुले आनंदात सामील होऊ शकतात, तेव्हा बालबाप्तिस्म्याला वाट मिळते. ते ‘विश्वास ठेवून’कडे ओढले, तर घरातल्या प्रत्येकाने विश्वास ठेवला, मग तान्ह्यांना जागा राहत नाही. क्रियापद आणि कृदंत दोन्ही एकवचनी असल्याने पहिल्या बाजूला थोडे बळ मिळते. पण दोनच वचने आधी, पौलाने घरातल्या सर्वांना वचन सांगितले असे आहे. त्याने दुसऱ्या बाजूला बळ मिळते.

इथे भाषांतरकाराची अडचण पाहावी. मराठी वाक्यात तो शब्द कुठे तरी ठेवावाच लागतो, आणि ठेवला की बाभूळ एका शेतात गेली. टीप लिहिणारा निदान टीप लिहितो आहे हे दिसते. भाषांतरकाराचा निर्णय दिसतच नाही.

याचे सर्वांत मोठे उदाहरण खुद्द ‘बाप्तिस्मा’ हा शब्द. १८०४ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीचा नियम होता, की टीपटिप्पणीशिवाय केवळ मूळ पवित्र शास्त्र छापायचे. म्हणजे सर्व पंथांना ते चालेल. पण बंगालमधल्या बॅप्टिस्ट मिशनरींनी मूळ ग्रीक शब्दाचे भाषांतर ‘बुडवणे’ या अर्थाच्या शब्दाने केले, आणि १८३०च्या दशकात सोसायटीने असे भाषांतर छापायला मदत नाकारली. टीप नव्हती, शब्दच टीप झाला होता. मराठीत आपण ‘बाप्तिस्मा’ हा ग्रीक शब्दच उचलून ठेवला. त्यामुळे पाणी शिंपडणारा आणि पाण्यात बुडवणारा, दोघेही एकच मराठी बायबल वाचू शकतात. शब्द न फोडता तसाच ठेवणे ही तडजोड होती, आणि ती शहाणपणाची होती असे मला वाटते. मात्र तिची किंमत अशी, की तो शब्द फोडून सांगण्याचे काम भाष्यकाराच्या हाती गेले.

४. हा रोग आपल्या ओळखीचा आहे

दिवाळी अंकाच्या बहुसंख्य वाचकांना हा ख्रिस्ती घरातला वाद परका वाटेल. पण भाष्यकाराची कल ही गोष्ट मराठी माणसाला नवी नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायातला सहासष्टावा श्लोक घ्या, ज्यात सर्व धर्म टाकून शरण ये असे सांगितले आहे. शंकराचार्य त्यात सर्व कर्मांचा संन्यास वाचतात. रामानुजाचार्य कर्म सोडायला सांगत नाहीत. कर्तेपण आणि फळाची आस सोडायला सांगतात. श्लोक एक, मठ दोन.

लोकमान्य टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’च्या पहिल्याच प्रकरणात या सांप्रदायिक टीकांचा समाचार घेतला आहे. आधी आपला संप्रदाय ठरवायचा आणि मग गीतेतून तो निघतो हे दाखवायचे, असा त्यांचा आक्षेप. त्यावर उपाय म्हणून त्यांनी मीमांसकांची जुनी कसोटी पुढे केली : ग्रंथाचा आरंभ आणि शेवट काय, पुन्हा पुन्हा काय सांगितले, नवे काय सांगितले, फळ काय, स्तुतीपर भाग कोणता, उपपत्ती कोणती. ही कसोटी आजही कोणत्याही धर्मग्रंथाच्या वाचकाला उपयोगी पडेल. पण मंडालेच्या तुरुंगात बसून गीता वाचणाऱ्या टिळकांना तीत कर्मयोग सापडला, हेही विसरून चालणार नाही. इतरांची कल दाखवणाराही कुठे तरी उभा असतोच.

आपल्याकडची दोन नावे तर बोलकी आहेत. ज्ञानदेवांनी आपल्या टीकेला ‘भावार्थदीपिका’ म्हटले. सतराव्या शतकात वामन पंडितांनी आपल्या टीकेला ‘यथार्थदीपिका’ म्हटले. एक भाव उजळतो म्हणतो, दुसरा जसा आहे तसा अर्थ उजळतो म्हणतो. माझा अनुभव असा, की जो टीकाकार ‘जसे आहे तसे’ सांगण्याचा दावा करतो त्याचे नाते आधी विचारावे.

५. जालन्याचे गोत्र

आता आमच्या मंडळीचे नाते. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होते. इथे ख्रिस्ती मंडळी उभी करणारे रेव्हरंड नारायण शेषाद्री हे ब्राह्मण घरातले. त्यांचा बाप्तिस्मा १८४३ साली मुंबईत झाला. त्याच वर्षी स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडून फ्री चर्च निघाले आणि मुंबईचे स्कॉटिश मिशनरी त्या बाजूला गेले. पुढे शेषाद्री जालन्यास आले, आणि सालार जंग यांच्या कारभारात मिळालेल्या जमिनीवर त्यांनी गावाजवळ ‘बेथेल’ ही वस्ती वसवली. तिथे आलेली बहुतेक कुटुंबे गावकुसाबाहेरची होती, आणि ती घराण्याने आली. फ्री चर्चचे विश्वासपत्र वेस्टमिन्स्टरचेच. म्हणजे हेन्रीचे पुस्तक आमच्या टेबलावर यावे, हे त्या आधीच ठरलेले होते. बाबा पदमनजी यांनी नव्या करारावर मराठीतून टीका लिहिली. तेही फ्री चर्चचेच. आमच्या आजोबांच्या पिढीने बायबल कसे वाचायचे हे ज्या मुखांतून ऐकले, त्यांतली बरीच एकाच घरची होती. म्हणून त्यांना ती मते वाटली नाहीत, बायबलच वाटले.

नारायण शेषाद्रींच्या चरित्रात एक प्रसंग आहे, तो या वादाशी थेट भिडतो. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत, बारा वर्षांच्या आसपासचा, त्यांच्यापाठोपाठ मिशनरींकडे राहायला गेला. वडील कोर्टात गेले. मुंबईच्या सुप्रीम कोर्टाने मुलगा अज्ञान आहे म्हणून त्याला वडिलांच्या ताब्यात दिले. पुढे त्याला जातीत परत घ्यावे की नाही यावर मुंबईत मोठा वाद झाला, आणि बाळशास्त्री जांभेकर त्याला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावे या बाजूने उभे राहिले.

हा प्रसंग मी पूर्वी अनेकदा वाचला होता. हेन्री आणि गिल शेजारी ठेवल्यावर तो वेगळा दिसला. मुलाचा धर्म कोण ठरवतो? कोर्ट म्हणाले, बाप. वेस्टमिन्स्टरचे कलमही, तान्ह्यापुरते का होईना, म्हणते आईबाप. श्रीपतला काय हवे होते याला शेवटी कोणाच्या लेखी मोल राहिले? बालबाप्तिस्म्याला आक्षेप घेणाऱ्यांचा मुद्दा मला गिलच्या व्याकरणात पटला नव्हता; या बारा वर्षांच्या मुलाच्या दाव्यात पटला. आणि उलटही खरे आहे. घरच्यांपासून एका मुलाला तोडले तर त्याचे काय होते, हे श्रीपतइतके कोणाला कळले असेल? बाप्तिस्मा ही एकट्याची गोष्ट आहे असे म्हणणाऱ्याने गावकुसाबाहेरच्या त्या कुटुंबांचाही विचार करावा. त्यांना पाणवठ्यापासून लग्नापर्यंत जे तोंड द्यायचे होते ते एकेकट्याने देता येण्यासारखे नव्हते.

इथेच मला दोन्ही भाष्यांतली एक पोकळी दिसली. ग्रीक ‘ओइकोस’, म्हणजे घराणे, यात त्या काळी केवळ बायकोमुले नसत. नोकर असत, गुलाम असत. लुदिया व्यापारी बाई, तुरुंगाधिकारी रोमी कारभारातला माणूस. त्यांच्या घरात कामाची माणसे असणार. मालकिणीने बाप्तिस्मा घेतला म्हणून ज्याला घ्यावा लागला, त्या गुलामाला कोणी विचारले का? हेन्री ‘तिच्या अधिकारामुळे’ असे म्हणतो आणि पुढे जातो. तो शब्द त्याला टोचत नाही. गिलला घरातले सारे विश्वासी हवे आहेत, म्हणून तोही थांबत नाही. मी मात्र थांबलो, कारण ज्या घरांत वेठबिगारीच्या आठवणी तीन पिढ्या जुन्या आहेत तिथला माणूस ‘अधिकारामुळे’ या शब्दावर थांबतोच. म्हणजे कल ही नुसती झापड नसते. तिच्यामुळे काही दिसत नाही, तसे तिच्यामुळेच काही दिसतेही. म्हणून एकाच गोत्राची भाष्ये वाचू नयेत, आणि आपले स्वतःचे वाचन त्यात धरायला लाजू नये.

६. स्वतःच्या बाजूविरुद्धची साक्ष

कोर्टात सर्वांत वजनदार साक्ष कोणती? जी माणूस स्वतःच्या हिताविरुद्ध देतो ती. भाष्यांतही तेच.

विसाव्या शतकात जर्मनीत योआखिम येरेमियास आणि कुर्ट आलांट यांच्यात याच प्रश्नावर मोठा वाद झाला. येरेमियास यांनी १९५८च्या पुस्तकात असे मांडले, की पहिल्या मंडळीत मुलांचा बाप्तिस्मा होत होता, आणि ‘घराणे’ या शब्दात मुले धरलेलीच आहेत. आलांट यांनी १९६१ साली उत्तर दिले, की इसवी सन २००च्या आधी तान्ह्यांच्या बाप्तिस्म्याचा खात्रीचा पुरावा नाही. दोघेही लूथरन, म्हणजे दोघांच्याही चर्चमध्ये तान्ह्यांना बाप्तिस्मा देतात. आलांट यांनी तो बंद करा असेही म्हटले नाही. इतिहास आपल्या बाजूने साक्ष देत नाही, तरी प्रथा धर्मविचाराने समर्थनीय आहे, अशी त्यांची भूमिका. अशा माणसाचे मत मी दुप्पट वजनाने तोलतो. त्याही आधी, १९४३ साली, रिफॉर्म्ड परंपरेतल्या कार्ल बार्ट यांनी बालबाप्तिस्म्यावर आक्षेप घेतला होता. तो त्यांच्या स्वतःच्या घरावरच होता.

उलट बाजूला एक सावधगिरी. टीकाकाराचे प्रत्येक विचित्र मत त्याच्या पंथाच्या माथी मारू नये. मेथडिस्ट ॲडम क्लार्क याने एका अरबी शब्दाच्या आधाराने एदेन बागेतला सर्प हा खरे तर वानर असावा असे लिहिले. हे मेथडिस्टांचे मत नव्हे, क्लार्कचे. येशूच्या सनातन पुत्रत्वाबद्दल त्याने जे लिहिले, त्यावर तर त्याच्याच पंथातल्या लोकांनी त्याला खोडून काढले. तसेच ‘मॅथ्यू हेन्री म्हणतो’ असे म्हणण्यापूर्वी कोणते पुस्तक उघडले आहे ते पाहावे. कृत्यांपर्यंतचे भाष्य त्याचे. रोमकरांस पत्रापासून पुढचे, तो वारल्यावर, इतर पाळकांनी पुरे केले. आमच्या वादात १ करिंथ ७:१४ वरही हेन्रीचे नाव घेऊन भांडण झाले. त्या वचनात पौल म्हणतो, की आईबापांपैकी एक विश्वासी असेल तर मुले पवित्र आहेत. खंडावर नाव हेन्रीचे, पण त्या पानावरचा साक्षीदार तो नव्हताच. गिल तिथे पवित्र म्हणजे औरस, कायदेशीर लग्नातली, असा अर्थ लावतो. आणि बालबाप्तिस्मावाल्यांना त्या वचनात एक अडचण आहेच. मुले पवित्र म्हणून बाप्तिस्म्याला पात्र, तर त्याच वचनात पवित्र झालेला अविश्वासी नवरा का नाही?

सर्वांत जपून राहावे ते एकाच पानावर वचन आणि टीप छापलेल्या आवृत्त्यांपासून. १५६०च्या जिनिव्हा बायबलच्या समासातल्या टीपा इंग्लंडच्या राजा जेम्सला राजद्रोही वाटल्या, आणि आपल्या नव्या भाषांतरात त्याने अशा टीपा नकोत म्हटले. १९०९ साली निघालेल्या स्कोफील्डच्या आवृत्तीने युगांची जी विभागणी टीपांत मांडली, ती अनेक वाचकांना मूळ शास्त्रातलीच वाटू लागली. स्कोफील्ड मुळात वकील होता, हे कळल्यावर मला नवल वाटले नाही. मराठीतले उदाहरण म्हणजे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’. ते टीपांसह आहे, रसाळ आहे, आणि कॅथलिक आहे. त्याच्या जुन्या करारात ४६ पुस्तके, आमच्याकडे ३९. कल टीपेत शिरण्यापूर्वी अनुक्रमणिकेतच शिरते.

७. मग भाष्ये टाकून द्यावीत काय?

हा प्रश्न मलाही पडला. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे अँग्लिकन बाप्तिस्मा घेतला आणि लगेच त्यांचे आपल्या गुरुभगिनींशी खटके उडू लागले. चर्चने सांगितलेला अर्थ आधी मान्य करायचा, मग शास्त्र वाचायचे, हे त्यांना पटेना. सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार प्रसिद्ध आहे. अखेर त्या मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि केडगावात बसून सारे बायबल एकटीने मराठीत आणले. १९२४ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, ते पूर्ण प्रसिद्ध झाले. मध्यस्थ नकोत म्हणणाऱ्याने काय करावे याचे हे उत्तर. पण त्यांच्याही भाषांतराला कल आहे : हिंदू तत्त्वज्ञानाची छटा असलेले शब्द त्यांनी जाणूनबुजून टाळले. ज्याला वीस वर्षे देता येत नाहीत त्याला भाष्ये लागणारच.

म्हणून माझी पद्धत साधी आहे. वहीच्या पानावर मध्ये रेघ मारतो. डावीकडे मजकुरात असलेले, उजवीकडे टीकाकाराने आणलेले. लेखक कोण, कोणत्या मंडळीचा, कोणत्या सालचा, हे वर लिहितो. तो विरुद्ध मत वाचकाला सांगतो की लपवतो, हे पाहतो. त्याच प्रश्नावर विरुद्ध घरचे निदान एक भाष्य शेजारी उघडतो. आणि खाली, लहान अक्षरात, मला स्वतःला कोणते उत्तर हवे आहे तेही लिहून ठेवतो.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. या लेखात मी ‘गोत्र’ हा शब्द मुद्दाम वापरला, आणि तो वापरताना संकोचलोही. ज्यांच्या पूर्वजांनी जात विचारली जाऊ नये म्हणून घरदार बदलले, त्यांच्या वंशजाने दुसऱ्याचे गोत्र विचारत फिरावे काय? वादाच्या दिवसांत मी ते ऐकले आहे : “तो बॅप्टिस्ट, त्याचं काय ऐकायचं,” “ते मिशनचे जुने लोक, त्यांना काय कळतं.” हे नाते विचारणे नव्हे, वाळीत टाकणे आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चे एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले, तेव्हा बालबाप्तिस्मा आणि जाणत्या वयातला बाप्तिस्मा या दोन्ही प्रथांना एका छताखाली जागा दिली गेली. बॅप्टिस्ट आणि प्रेस्बिटेरियन यांनी एकमेकांचे गोत्र ओळखून पंगतीला बसवले. आमच्या घरात मात्र अजून ते व्हायचे होते.

भाचीने शहागडला बाप्तिस्मा घेतला. मी काठावर उभा होतो. बहीण आली नाही. त्या संध्याकाळी मी तिच्याकडे गेलो. तिने तोच प्रश्न पुन्हा विचारला, आणि या वेळी माझ्याजवळ वही होती. मी म्हणालो, “तू केलंस ते खोटं नव्हतं. ते त्या वचनात लिहिलेलंही नाही. आणि ती जे करून आली, तेच एकटं खरं, असंही तिथं लिहिलेलं नाही.” ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “एवढंच होतं, तर इतकी जाड पुस्तकं कशाला आणली होती?”

दोन वर्षांनी भाचीला मुलगा झाला. त्यांच्या सहभागितेत तान्ह्याचा बाप्तिस्मा करत नाहीत. समर्पणाची प्रार्थना करतात. बहीण त्या प्रार्थनेला गेली. पाणी नव्हते, पण पाळकाने मुलाच्या डोक्यावर हात ठेवला तेव्हा तिने डोळे मिटले होते. परत येताना भाची मला म्हणाली, “मामा, तो हेन्री मला वाचायला द्या थोडे दिवस.” मी दिला. बरोबर गिलच्या पानांची ती प्रतही दिली, समासातले माझे सात शेरे न खोडता.